शेवटच्या सायकलचा वेग

आमच्या धंद्यात राइडचे तीन वर्ग असतात: सोपी, मध्यम आणि अवघड. सोपी राइड निवडणाऱ्याला आपला दम कुठवर पुरेल हे माहीत असतं. अवघड निवडणाऱ्याने तो घड्याळ लावून मोजलेला असतो. घोळ होतो तो मधल्या वर्गात. आपण मध्यम आहोत असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं. त्यामुळे रोज जिमला जाणारा तिशीतला मुलगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले निवृत्त पोस्टमास्तर आणि मुलं हाताशी आल्यावर पुन्हा सायकलवर बसलेली बाई असे सगळे एका सकाळी एकाच स्टेशनबाहेर उभे राहतात. त्यांना साठेक किलोमीटर फिरवून, एकही माणूस न गमावता आणि शक्यतो कुणाचा पाणउतारा न होता, परत त्याच स्टेशनवर आणून सोडणं हे माझं काम.

ऑक्सफर्डजवळच्या एका लहानशा सहल कंपनीसाठी मी शनिवार-रविवारी हे काम करते. मूळची मी सांगलीची. तिथे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि शाळेला सायकलनेच जायचे. सांगली-मिरज भागात चढ म्हणावा असा रेल्वेचा उड्डाणपूल, बाकी सगळं सपाट. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले तेव्हा गिअरची सायकल मी चालवलेलीसुद्धा नव्हती. ‘ब्रिटिश सायकलिंग’ ही इथली राष्ट्रीय संघटना 2011 पासून ‘ब्रीझ’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात बायकांच्या राइड बायकाच नेतात. मी आधी त्यात इतरांच्या मागे जायचे, मग ट्रेनिंग घेऊन पुढे राहू लागले. त्यातूनच हे पगारी काम मिळालं. पगार बेताचाच आहे. पण वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलांना सांभाळून मागच्यांना बरोबर कसं न्यायचं, हे जे शाळेत अर्धवट जमलं होतं, ते मी इथे रस्त्यावर नीट शिकले.

आमची मध्यम राइड कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधून जाते. सुरुवात आणि शेवट मोर्टन-इन-मार्श या बाजारगावात. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट रेल्वेने दीड-पावणेदोन तासांत इथे पोचता येतं, म्हणून सुरुवातीला हेच गाव सोयीचं. गावातून जाणारा मुख्य रस्ता म्हणजे रोमन लोकांनी आखलेला फॉस वे. एक्सिटरपासून लिंकनपर्यंत तो जवळजवळ सरळ जातो. सैन्यासाठी रस्ता काढणाऱ्याला वळणं परवडत नाहीत. आम्हाला परवडतात, किंबहुना आमचं पोट वळणांवरच चालतं. फॉस वेवर आज ट्रक आणि मोटारी सुसाट असतात. त्यामुळे काही किलोमीटर त्याच्या कडेने जपून जायचं आणि पहिली आडवाट मिळताच उजवीकडे लाँगबरो गावाकडे सटकायचं.

राइडची दिशा ठरवते वारा. इंग्लंडात बहुतेक दिवस वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून सकाळी ताज्या पायांनी पश्चिमेकडे, वाऱ्याला तोंड देत पठारावर चढायचं आणि दमलेल्या पायांनी दुपारी पूर्वेकडच्या ईव्हनलोड नदीच्या खोऱ्यातून, वारा पाठीशी घेऊन परतायचं. नकाशावर हाच फेरा उलटा काढला तरी अंतर तेवढंच भरतं, चढाईही तेवढीच. पण उलट्या फेऱ्यात शेवटच्या तासात लोक एकमेकांशी बोलायचे बंद होतात.

आता थोडं चढाईबद्दल. कॉट्सवोल्ड्सला पश्चिमेकडे उभा कडा आहे आणि पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेलं पठार. खडक ज्युरासिक काळातला पिवळसर चुनखडी दगड. त्याचीच घरं, त्याचीच चर्चं आणि त्याच्याच चुन्याशिवाय रचलेल्या शेताच्या भिंती. या पठारात विंडरश, ईव्हनलोड आणि त्यांच्या ओढ्यांनी खोरी कोरली आहेत. गावं पाण्यापाशी, म्हणजे खाली, शेतं वर. त्यामुळे प्रत्येक गावात उतरायचं आणि प्रत्येक गावातून चढून बाहेर पडायचं. दिवसअखेर चढाई सहाशे-सातशे मीटर भरते. सिंहगड पायथ्यापासून एकदा चढलात तर जवळपास एवढीच होते. फरक इतकाच की इथे ती तुकड्या-तुकड्यांनी वाट्याला येते, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा उभा वाटतो.

मी राइडच्या आधी ऑर्डनन्स सर्व्हेचा छापील नकाशा घेऊन बसते. फोनवरचा मार्ग वळण कुठे आहे ते सांगतो. कुठे थांबता येईल हे कळायला कागदच लागतो. त्या नकाशावर रस्त्यावर एक बाण असेल तर चढ सातास एक ते पाचास एक. दोन बाण असतील तर त्याहून उभा. मी बाणांच्या वरच्या टोकाला शेताचं फाटक शोधते. फाटकासमोर रस्ता जरा रुंद असतो आणि दहा-बारा सायकली बाजूला घेता येतात. राइडचं खरं नियोजन म्हणजे अशा थांबायच्या जागांची यादी. मधला रस्ता काय, आपोआप येतो.

सकाळी स्टेशनबाहेर मी आधी सायकली बघते, मग माणसं. टायर अंगठ्याने दाबून, ब्रेक ओढून, पुढचं चाक घट्ट आहे ना ते हलवून. ज्याची साखळी गंजलेली असते त्याच्याकडे दिवसभर एक डोळा ठेवायचा, कारण साखळीला तेल न घालणारा माणूस पाण्याची बाटलीही भरून आणत नाही. मग सूचना. इथल्या क्लबांत ओरडून सांगायची एक बोली आहे, पण तिच्यात एक गोम आहे. काही क्लबांत ‘कार अप’ म्हणजे मागून मोटार आली, तर काही क्लबांत तेच समोरून आली. दोन क्लबांची माणसं एका गटात आली की अर्धे डावीकडे सरकतात आणि अर्धे मागे वळून बघतात. म्हणून माझ्या राइडमध्ये सगळ्यांनी साध्या भाषेत ‘मागून’ किंवा ‘समोरून’ एवढंच ओरडायचं, असा नियम आहे. शेपटाला माझा एक सहकारी असतो. त्याच्या मागे कुणीही असता कामा नये. प्रत्येक वळणावर माझ्या लगोलग मागे असलेला माणूस उभा राहतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि शेपटाचा सहकारी दिसला की निघतो. या पद्धतीने गट कितीही लांबला तरी कुणी चुकत नाही. आणि दुसरा फायदा मोठा आहे: पायात जोर असणाऱ्यांना काम मिळतं. जोरदार माणसाला नुसतं ‘हळू चला’ म्हटलं तर तो चिडतो. वळणावर उभं केलं तर तो आनंदाने उभा राहतो, आणि मग गटाला गाठायला त्याला मनासारखं पळताही येतं.

लाँगबरोत पहिल्यांदा सगळ्यांना एकत्र करते. गावाच्या उत्तरेला सीझिनकोट नावाची जहागीर आहे. रस्त्यावरून ती दिसत नाही. तिच्या आवारातून पायवाट जाते, पण इंग्लंडात पायवाटेवर सायकल चालवायचा हक्क नसतो. घोडेवाटेवर असतो, तोही 1968 च्या कायद्याने मिळालेला. पाट्यांवर पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा असतो. तेव्हा मी नुसतं सांगते. तिकडे झाडीत एक वाडा आहे, त्याला तांब्याचा हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट आहे, मोगल पद्धतीच्या कमानी आहेत आणि बागेतल्या पुलावर नंदी बसलेले आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने 1805 च्या सुमारास तो बांधला. भारतभर फिरून चित्रं काढून आलेला थॉमस डॅनियल सल्लागार होता. पुढे राजा झालेला युवराज 1807 मध्ये इथे येऊन गेला, आणि त्यानंतर ब्रायटनच्या राजवाड्यालाही घुमट चढले.

हे सांगितलं की गटात जरा शांतता होते. कंपनीच्या माहितीपत्रकात मधाच्या रंगाची घरं असतात. पैसा कुठून आला ते नसतं. मी भाषण देत नाही. माणसं सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून आलेली असतात, त्यांना धारेवर धरणं माझ्या कामात बसत नाही. पण दोन वाक्यं सांगितल्याशिवाय तिथून हलणंही मला पटत नाही. मोटारीतून जाणाऱ्याला लाँगबरो ही एक पाटी असते. आम्ही तिथे पाणी पीत उभे असतो, त्यामुळे कुणीतरी विचारतंच, मग त्या नंद्यांना इथे काय म्हणतात?

लाँगबरोतून चढून मोठा रस्ता ओलांडला की कॉन्डिकोट आणि पुढे गायटिंग पॉवरपर्यंत खऱ्या अर्थाने पठार लागतं. इथले रस्ते एका मोटारीच्या रुंदीचे. दोन्ही बाजूंना जिवंत कुंपणं किंवा दगडी भिंती, मध्ये गवताची रेघ. अशा गल्लीवजा रस्त्यावरही वेगळी पाटी नसेल तर वेगमर्यादा ताशी 60 मैल असते, म्हणजे सुमारे 96 किलोमीटर. शहाणा माणूस त्या वेगाने येत नाही, पण कायदा त्याला अडवतही नाही. म्हणून आंधळ्या वळणावर मी गट एकामागे एक करते. सरळ रस्त्यावर मात्र जोडीने चालवू देते. 29 जानेवारी 2022 पासून इथल्या हायवे कोडमध्ये बदल झाले. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला हरकत नाही हे त्यात स्पष्ट केलं. ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना मोटारवाल्याने किमान दीड मीटर अंतर सोडावं, असंही त्यात आलं. जोडीने चाललेला गट लांबीला निम्मा होतो, त्यामुळे मोटारीला तो ओलांडणं उलट सोपं जातं. हे सगळ्याच मोटारवाल्यांना पटलेलं आहे असं नाही. काच खाली करून आम्हाला आमची जागा दाखवणारे भेटतातच.

ट्रॅक्टर आला तर वाद नसतो. मी हात वर करते, सगळे फाटकापाशी दाबून उभे राहतात, ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तेवढं बोट म्हणजे आभार. घोडेस्वार दिसला तर मात्र लांबूनच आवाज द्यायचा. घंटी वाजवायची नाही, कारण मागून अचानक आलेल्या टिणटिणाटाने घोडा बिथरतो. माणसाचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. ‘गुड मॉर्निंग’ म्हणत, चालण्याच्या वेगाने, भरपूर जागा सोडून पुढे जायचं. मोटारींना घोड्यापासून दोन मीटर आणि ताशी दहा मैलांच्या आत राहायला सांगितलेलं आहे. आम्ही त्याहूनही हळू जातो. या रस्त्यांवर थांबणं हीच वाहतुकीची पद्धत आहे. ज्याच्याजवळ बाजूला व्हायला जागा आहे त्याने व्हायचं, मग तो पाहुणा असो की जमीनदार.

सप्टेंबर उजाडला की पंक्चरचा हंगाम सुरू होतो. पक्ष्यांच्या विणीमुळे 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात शेतकऱ्याला कुंपणं छाटायला बंदी असते. सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला जोडलेली छाटणी यंत्रं फिरू लागतात, आणि हॉथॉर्न व ब्लॅकथॉर्नचे काटे रस्ताभर पसरतात. ब्लॅकथॉर्नचा काटा बाभळीच्या काट्याला हार जाणार नाही. टायरमधून आत जातो, ट्यूबला टोचतो आणि बाहेरून मोडून जातो. वरून टायर निर्दोष दिसतो. नवी ट्यूब घालून घाईने निघालेला माणूस दोनशे मीटरवर पुन्हा थांबतो, ते यामुळे.

मिरजेत सायकलवाला घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायचा आणि बुडबुडे बघायचा. रस्त्यावर घमेलं नसतं. मी ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळून फिरवते. ओठाला फुंकर कळते, अगदी बारीक असली तरी. भोक सापडलं की ट्यूब वॉल्व्हच्या जागी टायरवर ठेवायची, म्हणजे काटा साधारण कुठे असेल ते कळतं. मग टायरच्या आत रुमाल फिरवायचा. बोट फिरवलं तर बोट फाटतं; रुमाल काट्याला अडकतो. अडकला तिथे टायर उलटा वाकवायचा, चिमट्याने टोक धरायचं आणि काटा आत ओढून काढायचा. तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. तो तळहातावर ठेवून मी सगळ्यांना दाखवते. वाट बघणाऱ्यांना आपण कशासाठी थांबलो होतो ते दिसलेलं बरं.

पंक्चर काढायला फार वेळ लागत नाही, पण पठारावरच्या वाऱ्यात थांबलेला गट लवकर गार पडतो. म्हणून कामं वाटून द्यायची. एकाने चाक धरायचं, एकाने पंप मारायचा, एकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लक्ष ठेवायचं. बाकीच्यांनी जॅकेट चढवायचं आणि काहीतरी खायचं. माझ्या पाठीच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की असते, ती तेव्हा निघते. चिक्की एका इंग्रज बाईंना इतकी आवडली की पुढच्या राइडला त्या स्वतः करून घेऊन आल्या. गूळ न मिळाल्याने त्यांनी ब्राउन शुगर वापरली होती. ती चांगली लागली, पण दात शाबूत ठेवून खायला जरा कसब लागलं.

गायटिंग पॉवरहून उतरून नॉन्टन येतं. विंडरश नदी इथे ओढ्याएवढीच आहे. 1948 मध्ये कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलेलं ‘एम्पायर विंडरश’ जहाज याच नदीच्या नावाचं. युद्धानंतरच्या इंग्लंडात बाहेरून आलेल्या माणसांची एक पिढी आज त्या जहाजाच्या नावाने ओळखली जाते. तेच नाव इतक्या छोट्या पाण्याचं आहे हे बघून गटातले लंडनकर दर वेळी चकित होतात.

नॉन्टनमधून बाहेर पडणारी चढण हा आमच्या दिवसाचा कस. लांब नाही, पण उभी. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, हे मी वरच्या वळणावरच सांगून ठेवलेलं असतं. तरी कुणी ना कुणी मध्यावर जड गिअरमध्ये अडकतं, साखळी कडकड करते आणि पाय जमिनीवर येतो. इथे मी पुढे राहत नाही. जोरवाल्यांना सांगते, वर फाटकापाशी थांबा, आणि स्वतः मागे येते. मागे सायकल हातात धरून चालणारं माणूस असतंच. बहुतेकदा ते माफी मागत असतं. ‘तुम्हाला उशीर होतोय,’ असं म्हणतं.

अशा वेळी काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही हे महत्त्वाचं आहे. ‘झालंच, आता थोडंच राहिलं’ म्हणायचं नाही. ‘ही शेवटची चढण’ तर कधीच नाही, कारण ती शेवटची नसते आणि पुढच्या चढणीला तुमच्यावरचा विश्वास गेलेला असतो. ‘छान चाललंय’ हेसुद्धा नाही. समोरच्याला ठाऊक असतं की छान चाललेलं नाही. मी माझीही सायकल हातात घेते आणि कुंपणात काय फुललंय ते बघत बरोबर चालते. श्वास जागेवर आला की माणूस आपणहून बोलायला लागतो.

आणि आता या कामातला मुद्दा, जो मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे. वरच्या फाटकाशी पुढचे लोक येऊन थांबलेले असतात. त्यांचा घाम वाळलेला असतो, पाणी पिऊन झालेलं असतं, फोटो काढून झालेले असतात. शेवटची बाई चढून येते, सायकलवरून उतरते, आणि त्याच क्षणी सगळे म्हणतात, ‘आले सगळे, चला!’ कुणाच्याही मनात वाईट नसतं. उलट आपण तिच्यासाठी थांबलो याचं त्यांना समाधान असतं. पण हिशोब बघा. जो सर्वांत ताजा त्याला दहा मिनिटं विश्रांती, आणि जी सर्वांत दमलेली तिला शून्य. असं दिवसभर प्रत्येक चढणीला होत गेलं, तर मागचं माणूस आणखी मागे पडतं, आणि संध्याकाळी सगळ्यांचं मत होतं की तिला ही राइड झेपण्यासारखी नव्हती. झेपण्यासारखी होती. तिला फक्त विश्रांती मिळाली नाही.

म्हणून आमच्या राइडमध्ये थांब्याचं घड्याळ शेवटच्या सायकलपासून सुरू होतं. ती आली, उतरली, पाणी प्यायली, मग पाच मिनिटं मोजायची. पुढच्यांना गार लागत असेल तर त्यांनी उतारावर खाली जाऊन पुन्हा चढून यावं. काहीजण खरंच जातात. सुरुवातीला या नियमावर कुरकुर होते. दुपारनंतर ती थांबते, कारण तोवर गट एकसंध झालेला असतो आणि एकूण वेळही वाढलेला नसतो. दमलेलं माणूस थोडं सावरून निघालं की पुढच्या टप्प्याला तेवढं मागे पडत नाही. थांब्याला दिलेली पाच मिनिटं रस्त्यावर वसूल होतात.

पुढे लोअर स्लॉटर आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर. बोर्टनमध्ये उन्हाळ्यात बसगाड्या भरभरून पर्यटक येतात. विंडरश गावातून वाहते आणि तिच्यावर बुटके दगडी पूल आहेत. 1937 साली उघडलेली या गावाची एक नवमांश आकाराची दगडी प्रतिकृतीही इथे बघायला मिळते. आम्ही सायकली हातात धरून गाव पार करतो आणि बाहेरच्या चहाघरात बसतो. सायकल आणि चहाघर यांचं इथे जुनं नातं आहे. 1878 साली हॅरोगेटला सायकल टूरिंग क्लब स्थापन झाला. आजची ‘सायकलिंग यूके’ ती हीच. सायकलस्वारांना चांगलं खाऊ-पिऊ घालणाऱ्या खानावळींच्या दारावर त्यांचं पंखांच्या चाकाचं चिन्ह लागायचं. मोटारी रस्त्यावर येण्याआधी, 1886 मध्ये, चांगल्या रस्त्यांसाठी संघटना काढून मागणी करणारेही सायकलवालेच होते. आज मोटारवाला आम्हाला रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा ऐकवतो, तेव्हा मला हे आठवतं. टोस्टवर बीन्स, कॉफी-अक्रोड केक आणि दुधाचा चहा, हे इथलं सायकलवाल्यांचं ठरलेलं जेवण. चहा फिका असतो. तक्रार नाही, गरम असतो.

बोर्टनहून विक रिसिंग्टनला जाताना पुन्हा शांत रस्ता लागतो. या गावच्या चर्चमध्ये 1892 साली, वीस वर्षांचाही नसलेला गुस्ताव होल्स्ट ऑर्गन वाजवायला होता. ‘द प्लॅनेट्स’ लिहिणारा हाच. त्याने पुढे संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. तब्येतीसाठी हवापालट म्हणून अल्जीरियाला गेला, तर तिथेही वाळवंटात सायकल चालवली. गटात कुणी वाद्य वाजवणारं असलं की या थांब्याला उशीर होतो, आणि मी तो होऊ देते.

मग शेवटची मोठी टेकडी ओलांडून ब्लेडिंग्टन, किंगम आणि डेल्सफर्ड. किंगमला लागूनच चर्चिल गाव आहे. इंग्लंडचा भूस्तर नकाशा 1815 मध्ये काढणारा विल्यम स्मिथ तिथे जन्मला, आणि वॉरन हेस्टिंग्जही तिथलाच. हेस्टिंग्जच्या घराण्याच्या हातून गेलेली डेल्सफर्डची जमीन त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली आणि वर वाडा बांधला. वास्तुरचनाकार पुन्हा तोच, सीझिनकोटचा कॉकरेल. त्याच वर्षी पार्लमेंटात हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला. खटला सात वर्षं चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

इथे मला वडगाव मावळ आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी 1779 मध्ये महादजी शिंद्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला तिथे कोंडून तह लिहून घेतला. तो तह न मानता युद्ध पुढे रेटणारा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल म्हणजे हा हेस्टिंग्ज. शेवटी 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. 22 ऑगस्ट 1818 रोजी हेस्टिंग्ज डेल्सफर्डला वारला आणि इथल्या लहानशा चर्चच्या आवारात पुरला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण येऊन पेशवाई संपली होती. तेव्हाचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच, पण तो वेगळा. गटात मी एकटीच मराठी असते तेव्हा हे सगळं सांगत नाही. एकदा लंडनहून आलेलं एक मराठी जोडपं होतं. काका सत्तरीला आलेले आणि दिवसभर शेपटाला. त्यांनी चर्चच्या फाटकाशी सायकल टेकवली आणि वडगावची लढाई तारीखवार सांगितली. पुढचे जोरवाले तरुण पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घड्याळ अर्थातच काका बोलायचे थांबल्यावर सुरू केलं.

डेल्सफर्डहून ॲडलस्ट्रॉप. एडवर्ड थॉमसच्या कवितेमुळे या गावाचं नाव इंग्रजी शाळांमध्ये सगळ्यांना माहीत आहे. स्टेशन 1966 मध्ये बंद झालं; फलाटावरची पाटी आता गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावलेली आहे. इथून ईव्हनलोड गावावरून मोर्टनपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आणि वारा पाठीशी. इथे मी गटाला मोकळं सोडते. जोरवाल्यांना पळू दे, मागच्यांना गप्पा मारू देत. शेपटाचा सहकारी मागे आहेच.

हे काम सगळ्या दिवशी होत नाही. सकाळी पारा तीन अंशांच्या खाली असेल तर मी राइड रद्द करते. कुंपणांच्या सावलीत पाण्याचा ओघळ गोठून राहतो आणि तो दिसत नाही. मग पैसे परत, फोनवर बोलणी खाणं, सगळं आलं. पण मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला परतावा देता येत नाही.

कुणाला हा फेरा करायचा असेल तर मे-जून उत्तम. रेल्वेत सायकलींना जागा मोजक्या असतात, आधी आरक्षण करा. हेल्मेटची इथे कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. आणि एक विनंती महाराष्ट्रातल्या वाचकांना. आता आपल्याकडेही रविवारी पहाटे सायकलींचे गट निघतात, नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. तुम्ही असा गट नेत असाल, तर चढ संपल्यावर शेवटचा माणूस येऊन पोचेपर्यंत थांबता हे चांगलंच आहे. तो पोचल्यावर आणखी पाच मिनिटं थांबा. राइड मध्यम ठरते ती त्या पाच मिनिटांमुळे, अंतरामुळे नाही.